कारलं, मेथी, गुडमार, बिबळा... साखरेवर नक्की काय काम करतं आणि किती?

कोथरूडकरीण

मंडळी, हा विषय इथे दहादा चघळून झालाय माहितीये, पण जुने धागे उकरून बघितले तर सगळीकडे "आमच्या शेजारच्या काकांची शुगर कारल्याने पळाली" एवढंच सापडतं, म्हणून नवीन काढतेय.

सासूबाईंना बरीच वर्षं डायबेटिस आहे, वय ६८, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड एकत्र असलेली गोळी दोन वेळा चालू आहे, मागचा एचबीएवनसी (म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.१ आला. आता एका नातेवाइकांनी चूर्णाचा डबा आणून दिलाय. लेबलवर कारलं, मेथी, जांभूळबी, गुडमार, विजयसार (म्हणजेच बिबळा), कडुलिंब, दालचिनी, गुळवेल अशी नावं आहेत, पण कशाचं किती प्रमाण ते कुठेच नाही. सकाळी रिकाम्या पोटी एक चमचा घ्यायचा म्हणे. सासूबाईंचं ठरलंय की हे सुरू करायचं आणि गोळी बंद, "एवढी वर्षं केमिकल खाल्लं, आता झाडपाला खाऊन बघते".

मला हवंय ते एवढंच की या प्रत्येकात नेमकं कुठलं द्रव्य असतं, ते पोटात गेल्यावर काय करतं, आणि एका चमच्यात ते पुरेसं असतं का. आयुर्वेद विरुद्ध अॅलोपॅथी अशी कुस्ती कृपया नको, ती बघायला दुसरे धागे आहेत.

रात्रपाळी

बाकी चर्चा सावकाश होईल, आधी हे वाचा. गोळी परस्पर बंद करू नका, आणि गोळी चालू ठेवून वर हे चूर्णही परस्पर सुरू करू नका. ग्लिमेपिराईड स्वादुपिंडाला दामटून इन्सुलिन सोडायला लावतं, साखर आधीच कमी असली तरी लावतं. त्यावर अजून काही साखर उतरवणारं पडलं आणि त्या दिवशी जेवण कमी झालं, एकादशी असली, उलट्या झाल्या, तर साखर ७० च्या खाली जाते. म्हाताऱ्या माणसात घाम, थरथर ही लक्षणं कधीकधी दिसतच नाहीत, सरळ बरळायला लागतात किंवा झोपूनच राहतात आणि घरच्यांना वाटतं अर्धांगाचा झटका आला. वॉर्डात अशा आज्या येतात, आणि नातेवाइकांना तीन वेळा विचारल्यावर पिशवीतून डबा निघतो.

किडनीचा रिपोर्ट, म्हणजे क्रिएटिनिन, शेवटचा कधी केलाय? ते महत्त्वाचं आहे. किडनी मंदावली असेल तर ग्लिमेपिराईडचा परिणाम लांबतो.

कोथरूडकरीण

क्रिएटिनिन १.१ आहे, दोन महिन्यांपूर्वीचं. चूर्ण अजून सुरू केलेलं नाही, डबा सध्या माझ्या ताब्यात आहे :)

टिंगूमास्तर

झालं सुरू. घाबरवा लोकांना. हजारो वर्षं आपले लोक कारलं मेथी खातायत, कोण मेलं? फार्मा कंपन्यांना झाडाचं पेटंट मिळत नाही म्हणून हे सगळं दाबून ठेवलंय, साधी गोष्ट आहे.

हिरवापाला

टिंगूमास्तर, मी आयुष्यभर फार्मसी कॉलेजात फार्माकॉग्नॉसी शिकवली, म्हणजे झाडपाल्यातलं औषध हाच माझा पोटापाण्याचा धंदा होता, त्यामुळे मी झाडांच्या बाजूचाच आहे. पण दाबून ठेवलंय म्हणता ते कसं? सासूबाई ज्या गोळीला केमिकल म्हणून बंद करायला निघाल्यात ती मेटफॉर्मिन झाडातूनच आलीये की.

युरोपात गॅलेगा नावाची जांभळट फुलांची एक शेंगवर्गीय वनस्पती आहे. फार लघवी होणाऱ्या, सतत तहान लागणाऱ्या माणसाला ती द्यायची पद्धत तिकडे जुनी. तिच्यात गॅलेजीन म्हणून द्रव्य सापडलं, १९२० च्या दशकात माणसांवर वापरूनही बघितलं, साखर उतरायची पण विषारी पडायचं. हीच वनस्पती जास्त खाल्ली तर मेंढ्या दगावतात. मग त्याच गटातली दुसरी संयुगं बघायला सुरुवात झाली. मेटफॉर्मिन १९२२ मध्ये डब्लिनला तयार झालं होतं पण कोणी फारसं लक्ष दिलं नाही, शेवटी १९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टर्न नावाच्या डॉक्टरने ते डायबेटिसच्या पेशंटांना देऊन निष्कर्ष छापले. अमेरिकेत ते बाजारात यायला १९९५ उजाडलं.

दुसरं उदाहरण आत्ताच्या ग्लिफ्लोझिन गोळ्यांचं, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन काढलं, ते तेव्हा तापावर चालेल असं वाटलं होतं. १८८६ मध्ये फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरने दाखवलं की कुत्र्यांना ते दिलं की लघवीतून साखर जाते. पण तोंडाने घेतलेलं फ्लोरिझिन आतड्यातच बरंचसं तुटतं, रक्तात नीट पोचत नाही, आणि जुलाब होतात ते वेगळंच. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा सांगाडा थोडा बदलला, आतड्यात तुटणार नाही आणि फक्त किडनीतल्याच वाहकाला धरेल असा केला, आणि त्यातून ही गोळी आली. डापाची पेटंट मुदत भारतात २०२० मध्ये संपली, एम्पाची मार्च २०२५ मध्ये, आणि लगेच डझनावारी स्वस्त ब्रँड आले.

तर झाडात औषध असतं का, हा वाद कधीच मिटलाय, असतं. कोथरूडकरीण ताईंचा प्रश्नच बरोबर आहे: कुठलं, किती, आणि जिथे काम करायचं तिथपर्यंत ते पोचतं का. एकेकाचं सवडीने लिहितो.

चकलीभाजणी

वाचतेय. मेथीवर आधी लिहा प्लीज, आमच्याकडे सगळेच भिजवलेली मेथी गिळतात आणि कोणी मोजत नाही.

हिरवापाला

मेथी. यादीतली माझी सगळ्यात आवडती, कारण इथे फार नाजूक रसायनाची गरजच नाही. मेथीदाण्यात गॅलॅक्टोमॅनन नावाचा विरघळणारा तंतू भरपूर असतो, दाणे भिजवल्यावर जो बुळबुळीत चिकटपणा येतो तो त्याचाच. जेवणाबरोबर तो पोटात गेला की अन्न घट्ट होतं, जठरातून हळू पुढे सरकतं, आणि साखर रक्तात हळू उतरते. शोषणबिषणाची भानगडच नाही, काम आतड्यातच होतं. शिवाय मेथीत ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसीन नावाचं एक वेगळंच अमिनो आम्ल आहे. साखर वाढलेली असेल तेव्हाच ते इन्सुलिन सोडायला मदत करतं असं प्रयोगशाळेत आणि प्राण्यांत दिसलंय. पण चमचाभर मेथीतून माणसाला त्याचा किती फायदा होतो ते मी छातीठोक सांगणार नाही, तंतूचं मात्र सांगेन.

आता प्रमाण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे एनआयएनने, यावर खूप काम केलंय. १९९० मध्ये छापलेल्या त्यांच्या एका अभ्यासात टाईप १ च्या पेशंटांना तेल काढलेली मेथीपूड रोज १०० ग्रॅम दिली, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात निम्मी निम्मी, दहा दिवस. उपाशीपोटीची साखर उतरली, चोवीस तासांत लघवीतून जाणारी साखर ५४ टक्क्यांनी कमी झाली. नंतरच्या कामात रोज २५ ग्रॅमच्या आसपास डोस वापरला. चहाचा एक सपाट चमचा मेथी म्हणजे चार-पाच ग्रॅम. म्हणजे पाच-सहा चमचे! आणि ते जेवणाबरोबर. सकाळी आठ दाणे गिळून दुपारी श्रीखंड-पुरी खाल्ली तर त्या आठ दाण्यांनी बिचाऱ्यांनी काय करावं.

चकलीभाजणी

हाहा आठ दाणे! आमचे काका मोजून सात घेतात, सम संख्या चालत नाही म्हणे.

प्रॅक्टिकल सांगते, पाच-सहा चमचे मेथी कोणी एकदम खाऊ शकत नाही, पोट गुडगुडतं, दुसऱ्या दिवशी घामालासुद्धा वास येतो. मी मेथी हलकी भाजून जाडसर दळते आणि भाकरीच्या पिठात घालते, ज्वारीच्या अर्धा किलो पिठाला चार मोठे चमचे, त्याने कडू लागत नाही फार. शिवाय मोड काढून उसळ, गूळ न घालता. वाढवायची ती हळूहळू आणि पाणी भरपूर प्यायचं नाहीतर पोट धरून बसाल. दाणे अख्खे गिळले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात, हे सांगायला लॅब लागत नाही.

काजूबोंड

आम्ही कोकणातले, दापोलीच्या बाजूचे. गुडमारची वेल आमच्या कुंपणावरच आहे. कोणाला खोटं वाटत असेल तर या आणि करून बघा. दोन पानं तोंडात नीट चावायची, जिभेवर सगळीकडे फिरवायची, मिनिटभराने थुंकायची, आणि मग साखर तोंडात टाकायची. वाळू खाल्ल्यासारखी लागते! गोड शून्य. खारट आंबट सगळं कळतं, फक्त गोड जातं. मुंबईचा भाचा आला की हाच खेळ, मग गुलाबजाम दिला तर तोंड वाकडं करून ठेवून दिलान. अर्ध्या-पाऊण तासाने चव परत येते.

हिरवापाला

काजूबोंड, हा प्रयोग मी दर वर्षी पहिल्या बॅचला करून दाखवायचो, वर्ग एकदम जागा व्हायचा.

त्यामागे जिम्नेमिक आम्लं आहेत, एक नव्हे, सॅपोनिन गटातल्या संयुगांचं अख्खं कुटुंब. जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या ग्राहींना ती जाऊन चिकटतात. १८८७ मध्ये उटीला सरकारी नोकरीत असलेल्या डेव्हिड हूपरने ते आम्ल वेगळं काढून नाव दिलं. गोड खायची इच्छा मारणं हा फायदा खरा आहे आणि त्याला पान चावावंच लागतं, कॅप्सूल गिळली तर जिभेला काय कळणार.

रक्तातल्या साखरेचं म्हणाल तर मद्रासला १९९० मध्ये छापलेला अभ्यास आहे. टाईप २ चे २२ पेशंट, रोज ४०० मिलिग्रॅम पानांचा अर्क, दीड वर्षाच्या वर, नेहमीच्या गोळ्या चालू ठेवून. साखर उतरली, काहींच्या गोळ्या कमी कराव्या लागल्या, पाच जणांच्या तर बंद झाल्या. ऐकायला फार छान आहे, पण त्यात कोणाला नकली गोळी देऊन तुलना केलेली नव्हती आणि पेशंट बावीस. एवढ्यावर मी घरच्या माणसाची गोळी बंद करणार नाही. आणि तो अर्क होता, ठरावीक ताकदीचा. डब्यातल्या चमच्यात आठांपैकी एक भाग गुडमार, तोही कधी तोडलेला, कसा वाळवलेला, देव जाणे.

टिंगूमास्तर

बरं मग कारलं सांगा. कारल्यात तर चक्क वनस्पती इन्सुलिन आहे हे सायन्सनेच मान्य केलंय.

हिरवापाला

अर्धं बरोबर आहे तुमचं. १९८१ मध्ये जयपूरच्या संशोधकांनी कारल्यातून पॉलिपेप्टाईड-पी नावाचं प्रथिन काढलं आणि त्याने साखर उतरली. पण दिलं कसं? इंजेक्शनने, कातडीखाली. प्रथिन आहे ते, तोंडाने घेतलं तर जठरात डाळीच्या प्रथिनासारखंच पचून जाणार. इन्सुलिनची गोळी अजून का येत नाही, त्याचं कारण हेच. ज्यूस पिऊन वनस्पती इन्सुलिन मिळतं हा हिशोब तिथेच बसला.

कारल्यात बाकीचं आहे: चॅरँटिन, म्हणजे दोन स्टेरॉल ग्लुकोसाईडांचं मिश्रण, मोमॉर्डिसिन वगैरे कडू मंडळी. थायलंडमध्ये २०११ साली छापलेल्या अभ्यासात रोज दोन ग्रॅम वाळलेल्या कारल्याने साखर थोडी उतरली, पण रोज एक ग्रॅम मेटफॉर्मिनपेक्षा कमीच. कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे औषधांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या जागतिक संस्थेने, २०१२ मध्ये सगळे चांगले अभ्यास एकत्र तपासले आणि म्हणाले, शिफारस करावी एवढा पुरावा नाही. तेव्हा भाजी खा, भरलेलं कारलं खा (गुळाचा डोंगर न घालता), पण उपाशीपोटी ग्लासभर ज्यूस कशाला? त्याने पोट बिघडतं, आणि लहान मुलांत तर साखर धोकादायक खाली गेल्याच्या नोंदी आहेत. कारल्याच्या बियांत व्हिसीन असतं, जी६पीडी (रक्तपेशींना जपणारं एक एन्झाईम) जन्मतःच कमी असलेल्यांच्या रक्तपेशी त्याने फुटू शकतात. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता बरीच आढळते, म्हणून अशांनी बियांसकट ज्यूस अजिबात नको.

रात्रपाळी

+१. शिवाय कारल्याचा ज्यूस फार म्हणजे फारच कडू लागला, नेहमीपेक्षा वेगळा, तर थुंकून टाका. हे दुधी भोपळ्याच्या ज्यूसने झालेल्या विषबाधेमुळे सांगतेय, तिथे लोक औषध म्हणून कडू ज्यूस संपवतात आणि रक्ताच्या उलट्या होऊन भरती होतात. बऱ्याच जणी दुधी-कारलं एकत्र करतात, मग दुधी कडू आहे हे कळतच नाही.

पणजीकार

आमच्या गोंयात हा विषय घरोघरी आहे हो. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, २०२३ मध्ये आलेला तो मोठा सर्व्हे आठवत असेल, देशात १० कोटींच्या वर डायबेटिसवाले, आणि राज्यांत गोवा पहिला, २६.४ टक्के! नको तिथे नंबर काढतो आम्ही. बाजारात प्रत्येक झाडाच्या नर्सरीत इन्सुलिन प्लांट म्हणून विकतात ते काय आहे? माझ्या बायकोने दोन कुंड्या लावल्यात, रोज एक पान चावते, आंबट लागतं.

हिरवापाला

पणजीकार, ते कॉस्टस. पेवाच्या जातीतलं, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. त्याच्या पानात कोरोसोलिक आम्ल असतं असं सांगतात. उंदरांवर बरं काम आहे, माणसांवर भक्कम असं फार नाही. दिसायला मात्र सुरेख, कुंडी ठेवा.

कोरोसोलिक आम्लाचा खरा मोठा मानकरी आपल्याच ओळखीचा आहे: ताम्हण! आपलं राज्यफूल. त्याच्या पानांना फिलिपिन्समध्ये बनाबा म्हणतात आणि डायबेटिसला चहा करून पितात.

ऑन्सेन

टोकियोहून. हो, बनाबाचा चहा इथे सुपरमार्केटात मिळतो. पण जास्त चालतो तो पेरूच्या पानांचा, त्याच्या बाटल्यांवर सरकारमान्य तोकुहोचा शिक्का असतो, साखर पचवणाऱ्या एन्झाईमांना त्यातली पॉलिफेनॉल अडवतात म्हणून जेवणाबरोबर प्यायचा. आणि तुतीच्या पानांची पूड, हिरवीगार, माच्चासारखी. माझी जपानी शेजारीण भाताबरोबर घेते. मला मजा ही वाटते की तिकडे जालना-बीडला रेशीमवाले शेतकरी ट्रॅक्टरने तुतीचा पाला आणतात आणि तो सगळा अळ्या खातात, त्यांची शुगर छान असणार :)

एक मात्र आहे, इथे बाटलीवर अमुक इतके मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं आणि "हे औषध नाही" हेही लिहिलेलं असतं.

हिरवापाला

ऑन्सेन, तुतीतलं द्रव्य म्हणजे १-डीऑक्सीनोजिरिमायसिन, नाव लांबलचक आहे पण दिसायला ते जवळजवळ ग्लुकोजच. पिष्ट तोडणारं एन्झाईम फसतं आणि त्यालाच धरून बसतं. मिग्लिटॉल ही गोळी त्याच्यावरूनच बेतलीये. डॉक्टर जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर व्होग्लिबोज देतात ना, तीही याच कामाची.

आपल्या सह्याद्रीत या कामाचा दांडगा गडी आहे सप्तरंगी, सॅलॅशिया. त्याच्या मुळात आणि खोडात सॅलॅसिनॉल सापडलं, १९९७ मध्ये क्योटोच्या संशोधकांनी त्याची रचना काढली. श्रीलंकेत त्या लाकडाचे मग करून रात्रभर पाणी ठेवतात. यांचं काम खरोखर जेवणानंतरची साखर कमी चढवण्याचं, आणि दुष्परिणामही त्याच कामातून येतो: न तुटलेलं पिष्ट पुढे मोठ्या आतड्यात जातं, तिथले जंतू त्यावर ताव मारतात, गॅस धरतो.

काजूबोंड

सप्तरंगीचं नाव काढलंत म्हणून सांगतो. मूळ पाहिजे असतं, म्हणजे अख्खी वेल उपटायची. माझ्या लहानपणी आमच्या देवराईच्या कडेला मोप होती, आता शोधावी लागते. दलाल येतात, किलोवर भाव ठरवतात, रात्रीत साफ करून नेतात. पुण्या-मुंबईला तुम्ही डब्यात सप्तरंगी वाचता ती कुठून येते त्याचा जरा विचार करा. पाला घ्या, फळं घ्या, झाड राहतं. मूळ आणि गाभा मागितलात की झाड गेलंच.

बिबळ्याचंही तेच. विजयसारचे पेले म्हणून रस्त्यावर विकतात ते अर्ध्यावेळा बिबळ्याचे नसतातच, कुठलंही लाल लाकूड कातून देतात.

कोथरूडकरीण

अरे हो, विजयसार यादीत आहे. आमच्याकडे पेला पण आहे, त्याचं काही खरं आहे का? ओळखायचा कसा?

हिरवापाला

ओळख अशी: खऱ्या बिबळ्याच्या गाभ्याचं पाणी पिवळसर तपकिरी होतं आणि काचेच्या ग्लासात ओतून उन्हात धरलं तर कडेला निळसर झाक दिसते. नुसतं लाल पाणी आलं तर रंग दिलेला असू शकतो.

काम: गाभ्यात टेरोस्टिलबीन, एपिकॅटेचिन वगैरे आहेत. यादीतल्या आठांपैकी मेथी सोडली तर सरकारी पातळीवर नीट तपासलेला हाच. आयसीएमआरने चार केंद्रांत चाचणी केली, १९९८ मध्ये छापली: नव्याने डायबेटिस सापडलेले, फार चढलेला नसलेले ९७ पेशंट, रोज दोन ते चार ग्रॅम अर्क, बारा आठवडे. ६९ टक्के जणांची साखर आटोक्यात आली. नकली गोळीशी तुलना यातही नव्हती, पण तरी चांगलं काम आहे. मात्र बघा, नवे पेशंट, सौम्य डायबेटिस, आणि ग्रॅममध्ये मोजलेला अर्क. रोज तेच पाणी भरून महिन्याभरात फिका पडलेला पेला आणि ८.१ वाल्या सासूबाई, याला ती चाचणी लागू होत नाही.

टिंगूमास्तर

मग सरकारनेच काढलेली बीजीआर-३४ ही झाडपाल्याची गोळी का नाही घ्यायची? सीएसआयआरची, म्हणजे सरकारी संशोधन परिषदेची आहे.

हिरवापाला

लखनौच्या सीएसआयआरच्या दोन प्रयोगशाळांनी तयार केली, २०१५ मध्ये बाजारात आली, हे खरं. विजयसार, गुडमार, मेथी, गुळवेल, मंजिष्ठा आणि दारुहळद असा संच आहे. पण ती बाजारात आली तेव्हाच डॉक्टरांनी विचारलं की माणसांवरच्या मोठ्या चाचण्या कुठे आहेत, आणि माझाही प्रश्न तोच आहे.

त्यातली दारुहळद मात्र दखल घेण्यासारखी. तिच्यातलं बर्बेरीन म्हणजे पिवळं कडू द्रव्य. शांघायला २००८ मध्ये छापलेल्या छोट्या चाचणीत रोज तीन वेळा ५०० मिलिग्रॅम दिलं, एचबीएवनसी तीन महिन्यांत ९.५ वरून ७.५ वर आला, मेटफॉर्मिनच्या तोडीस तोड. पेशंट ३६ च होते. आणि ज्याच्यात ताकद असते त्याच्यात भानगडीही असतात: यकृतातलं औषधं मोडणारं एन्झाईम ते अडवतं, त्यामुळे दुसऱ्या गोळ्यांची रक्तातली पातळी वाढू शकते. गरोदर बाईने घ्यायचंच नाही. अमेरिकेत हल्ली इन्स्टावर याला गरिबांचं ओझेम्पिक (ते वजन उतरवणारं महाग इंजेक्शन) म्हणून विकतात, ते वजनाच्या बाबतीत निव्वळ थाप आहे.

चकलीभाजणी

आणि दालचिनी? मी रोज चहात टाकते, बाजारातली पूड.

हिरवापाला

दालचिनीचं नाव झालं ते २००३ च्या पेशावरच्या अभ्यासाने, ६० जण, रोज १, ३ किंवा ६ ग्रॅम, चाळीस दिवस, साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही उतरलं. नंतर इतरांनी केलं तर कधी उतरली, कधी नाही. पण माझी तक्रार वेगळीच आहे. किराणा दुकानात जी जाड, एकाच थराची, कडक साल मिळते ती कॅशिया. तिच्यात कुमारिन असतं, काही लोकांच्या यकृताला ते सोसत नाही. युरोपात मर्यादा आहे किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला रोज ६. कॅशियाच्या पुडीत ग्रॅममागे साधारण ३ मिलिग्रॅम निघतं. म्हणजे रोज दोन ग्रॅम, एका चहाच्या चमच्याहून कमी, की कोटा संपला. मसालेभातात काही होत नाही, रोज चमचा चमचा खाणाऱ्यांचं सांगतोय. खरी दालचिनी पातळ, अनेक पापुद्र्यांची गुंडाळी असते, हाताने चुरते, तिच्यात कुमारिन अगदी नगण्य.

काजूबोंड

तीच आमच्याकडे होते. दापोलीच्या विद्यापीठाची कोकण तेज जात खऱ्या दालचिनीचीच आहे. सालीला भाव आहे, पण सोलणारे हात मिळत नाहीत.

रात्रपाळी

यकृताचा विषय निघाला म्हणून गुळवेल. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा पेशंटांची नोंद छापली होती, कोविडमध्ये प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेत होते आणि काविळीने आले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असेल म्हणाले. दोघांपैकी कोणाचंही खरं धरलं तरी कोथरूडकरीण ताईंच्या डब्यात नेमकी कुठली वेल आहे हे कोण सांगणार? थायरॉईड, संधिवात असा ऑटोइम्युन आजार असेल तर मी गुळवेल देणार नाही.

अजून एक. एखाद्या चूर्णाने आठवड्यात साखर धाडकन उतरली तर आनंद कमी आणि संशय जास्त धरा. हर्बल म्हणून विकलेल्या मालात ग्लायबेनक्लामाईड (ग्लिमेपिराईडच्याच जातीची गोळी) किंवा मेटफॉर्मिन कुटून घातलेलं अनेक देशांत तपासणीत सापडलंय. आमच्याकडेही एक काका आले होते, साखर ३८, घरचे शपथेवर सांगत होते की फक्त पाळामुळांची पूड चालू आहे. ग्लुकोज लावलं, शुद्धीवर आले, चार तासांनी परत खाली गेले. असं परत परत खाली जाणं ग्लायबेनक्लामाईडमध्ये होतं. ती पूड कुठे तपासायला गेली नाही त्यामुळे सिद्ध काही झालं नाही.

आणि "डायबेटिस मुळापासून बरा" अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, डायबेटिस त्या यादीत आहे. डब्यावर तसं लिहिलं असेल तर त्या माणसाने कायदा तिथेच मोडलाय.

कोथरूडकरीण

आत्ता डबा परत बघितला. "साखर कायमची मुळापासून" असंच लिहिलंय, परवाना नंबरच नाही, बॅच नंबर नाही. डबा कपाटातून थेट कचऱ्यात.

सासूबाईंना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. मेटफॉर्मिन झाडातून आलंय हे ऐकून त्या जरा वरमल्या, मग म्हणाल्या "तरी मला काहीतरी आपलं पाहिजेच". शेवटी तह असा झाला: गोळी चालू, भाकरीत मेथी, कारल्याची भाजी आठवड्यातून दोनदा, आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना मेथीचं सांगून ग्लिमेपिराईडचा डोस विचारायचा. जांभूळबीचं राहिलं, त्यांच्या माहेरून दर वर्षी पिशवी येते.

हिरवापाला

जांभूळबीत एलॅजिक आम्ल, टॅनिन वगैरे आहेत, प्रयोगशाळेत पिष्ट तोडणाऱ्या एन्झाईमांना ती अडवतात. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहाची नीट तुलनात्मक चाचणी केली होती, त्यात काही फरक दिसला नाही, पण ती पानं होती, बी नव्हे. माहेरची पिशवी आहे, चिमूटभर ताकात घेतली तर कोणाचं काही बिघडत नाही. जांभळं मात्र मोसमात खुशाल वाटीभर खायची, बहाडोलीची मिळाली तर मला पण पाठवा.

चकलीभाजणी

मेथीचं अजून एक विचारायचं राहिलं. मला थायरॉईडची गोळी आहे सकाळी, आणि वडिलांना रक्त पातळ करायची. चालेल ना?

रात्रपाळी

थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्या आणि मेथी थेट दुपारच्या जेवणात, सकाळी नको, तंतूमुळे गोळी कमी शोषली जाते. वडिलांना गोळी कुठली आहे? वॉरफरीन असेल तर जास्त मेथीने रक्त अजून पातळ झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा भाजीत असते तेवढीच ठेवा आणि वाढवायचीच असेल तर आधी डॉक्टरांना सांगून आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी) लवकर करून घ्या. दुसरी कुठली असेल तर नाव लिहा, बघून सांगते.